प्रयोगात बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाई कोण होत्या?

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. नारायण खुडेंचा फड मुलांनी 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' नावाने गाजवला. भाऊंची लेक विठाबाई, जन्म १९३५चा, पंढरपूरचा. लहानपणीच ती फडात नाचू-गाऊ लागली.

ऐन प्रयोगात कळा आल्या, तेव्हा पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर आल्या, हा प्रसंग आजही सांगितला जातो.

पुढे गण-गवळण-वगाच्या तमाशात सिनेमाची गाणी शिरली. लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव देतं.