लुगांडा भाषेचे सेवक : जॉर्ज पिल्किंग्टन

चांगला घोडा, चांगली गाय, चांगलें पुस्तक, असें आपण सहज बोलतों. विशेषणानें नामाचें लिंग पाहून आपलें रूप बदलावें, हा नियम मराठी मुलास कोणी शिकवीत नाहीं. परक्यास मात्र तो फार श्रमानें साधतो. आफ्रिकेंतील लुगांडा भाषेंत नामांचे असे सुमारें दहा वर्ग आहेत. ती भाषा आपलीशी करणारे जॉर्ज लॉरेन्स पिल्किंग्टन यांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

यांचा जन्म डब्लिन शहरीं १८६५ सालीं झाला. केंब्रिज येथें ग्रीक व लॅटिन भाषांत त्यांनीं पहिला वर्ग मिळविला. १८९० च्या अखेरीस ते बिशप टकर यांजबरोबर बुगांडाची राजधानी मेंगो येथें पोंचले. तेथें पदवीचा तोरा बाजूस ठेवून हेन्री राइट डुटा या बागांडा ख्रिस्ती गृहस्थाचे ते शिष्य व सहकारी झाले.

बुगांडा हा देश, बागांडा हे लोक, लुगांडा ही भाषा; आरंभींचें अक्षर बदललें कीं अर्थ बदलतो. विशेषण नामाच्या मागून येतें व त्याच्याच वर्गाचें चिन्ह धारण करितें. ओमुन्तु ओमुलुंगी म्हणजे चांगला माणूस; अबान्तु अबालुंगी म्हणजे चांगलीं माणसें. संख्यावाचक शब्दही सुटत नाहीं : दोन माणसें तीं अबान्तु बाबिरी, दोन पुस्तकें तीं एबिताबो बिबिरी. आपल्या परिचयाचा किताब हा अरबी शब्द स्वाहिलीच्या वाटेनें तेथें गेला, तेव्हां त्यांतील कि हें वर्गचिन्हच ठरलें. म्हणून एक पुस्तक तें एकिताबो आणि अनेक तीं एबिताबो.

या नियमांवर पिल्किंग्टन यांनीं व्याकरणाची पुस्तिका रचिली. बायबलचा कांहीं भाग इतरांनीं भाषांतरित केला होता. डुटा यांच्या साह्यानें त्यांनीं तें काम पुढें नेलें, व १८९६ मध्यें संपूर्ण ग्रंथ छापून निघाला.

१८९७ सालीं सुदानी शिपायांनीं बंड केलें. पिल्किंग्टन दुभाषा म्हणून सरकारी सैन्याबरोबर बुसोगा प्रांतीं गेले आणि ११ डिसेंबर रोजीं गोळी लागून मरण पावले. तेव्हां ते अवघे ३२ वर्षांचे होते. शांतीचा निरोप सांगणाऱ्यानें सैन्याबरोबर जावें काय, हा प्रश्न आमच्या मनांत सलतो. तो आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

त्या लढाईची आठवण आज थोड्यांसच आहे. ग्रंथ मात्र घरोघर वाचला गेला. विद्यार्थीमित्रहो, परक्या भाषेचा नियम जाचक वाटेल, तेव्हां केंब्रिजचा हा पदवीधर डुटा यांच्यापुढें शिष्य होऊन बसला होता, हें आठवावें.