पांझरेच्या काठी शिकलेला धडा

दरवर्षी १५ सप्टेंबर रोजी आपल्या देशात अभियंता दिन साजरा होतो. ज्यांच्या जन्मदिनी तो पाळला जातो, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीचे सुरुवातीचे दिवस आपल्या खानदेशात गेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. लहानपणीच पित्याचे छत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बंगळूर येथे बी. ए. पदवी मिळविली आणि शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. तेथे अभियांत्रिकीच्या परीक्षेत अग्रस्थानी येणाऱ्यास मुंबई सरकार नोकरीची हमी देत असे. १८८३ साली ते पहिले आले आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले.

त्या काळी जळगाव व धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता. धुळे परिसरातील दातर्ती येथे पांझरेच्या पात्रातून पाणी पलीकडे नेणारा नळांचा सायफन बांधण्याचे काम या तरुणाकडे आले. पावसाळा सुरू झाला, पुराने कामात वाळू भरली. काम लांबणीवर टाकावे, असे त्यांनी कळविले. वरिष्ठांची मात्र नाराजी ओढवली. नोकरीच्या आरंभीच नावाला बट्टा लागण्याची वेळ आली होती. त्यांनी पुन्हा काम हाती घेतले व तडीस नेले. हा धडा कोणत्याही वर्गात मिळाला नसता.

पुढे १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्याच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष झाले. १९२३ ते १९२९ या काळात त्यांनी भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची धुरा वाहिली. या सेवेचे मानधन त्यांनी तरुणांच्या धंदेशिक्षणासाठी दिले आणि १९४३ साली बंगळूर येथे श्री जयचामराजेंद्र व्यवसाय शिक्षण संस्था उभी राहिली. कारखान्याची मिळकत अशा रीतीने शाळेच्या कामी आली. १९५५ साली ते भारतरत्न झाले. १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज जळगाव नळ, ठिबक सिंचन, डाळ व केळी यांसाठी प्रसिद्ध आहे. हे कारखाने आपल्या शाळांपासून दूर नाहीत. शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे, उद्योजकांनीही दार उघडे ठेवून छोटेसे का होईना, खरे काम त्यांच्या हाती सोपवावे. पांझरेकाठच्या त्या तरुणाला तशी संधी मिळाली होती; आपल्या मुलांनाही ती मिळावी.