आकाशाइतकीच जमिनीचीही जाण

भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक म्हणून जे. आर. डी. टाटा सर्वपरिचित आहेत. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रवाशांना नवी मुंबईचे भव्य विमानतळ जवळचे झाले आहे. जेआरडींनी सुरुवात केली तेव्हा मात्र मुंबईत जुहूच्या मातीचे मैदान होते आणि वैमानिकाची खरी परीक्षा बहुधा चाके जमिनीला टेकल्यावरच होत असे.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना विमानाचे वेड बालपणीच लागले. फ्रान्समधील हार्डेलो येथे विख्यात वैमानिक लुई ब्लेरियो यांचे कुटुंब शेजारी होते. पंधराव्या वर्षी तेथेच त्यांनी पहिली हवाई सैर केली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता.

त्या काळातील जिप्सी मॉथ हे लाकूड व कापडाचे, दोन चाकांवर आणि शेपटीखालच्या टेकूवर उभे राहणारे विमान. त्याला ब्रेक नसत. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. चाकांना अडथळे लावायचे राहिले तर फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतण्याची भीती असे. वर उचललेल्या नाकामुळे समोरचे दिसत नसल्याने वैमानिक जमिनीवरून नागमोडी विमान नेत. विमानाचा भार चाकांच्या मागे असल्याने, उतरल्यावर आडव्या वाऱ्याने ते जरा वळले की शेपूट पुढे येऊ पाहे. विमान गर्रकन फिरे, पंखाचे टोक जमिनीवर घासे, चाकाचा पाय मोडे. राइट बंधूंचे पहिले विमानही १७ डिसेंबर १९०३ रोजी चार उड्डाणांनंतर जमिनीवर उभे असतानाच वाऱ्याने उलटले आणि पुन्हा कधी उडाले नाही.

१९३० मध्ये आगाखान स्पर्धेसाठी भारत-इंग्लंड प्रवास करताना जेआरडींना इजिप्तमधील अबुकीर येथे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर भेटले. स्पार्क प्लगअभावी ते अडकून पडले होते. जेआरडींनी जवळचा प्लग त्यांना देऊन टाकला. अस्पी स्पर्धा जिंकले, जेआरडी थोडक्या तासांनी मागे राहिले. हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी पुस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन उड्डाण केले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते जुहूला उतरले. तेथून सहकारी नेव्हिल विन्टसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. ओल्या मातीत चाक रुतले तर विमान नाकावर आपटून पंखा मोडण्याचा धोका. म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवला जाई. अवघ्या दोन विमानांवर चालणाऱ्या या सेवेत एक चाक मोडणे म्हणजे टपाल चुकणे. तरीही १९३३ मध्ये १ लाख ६० हजार मैलांचा प्रवास झाला. १५५ प्रवासी आणि १०.७१ टन टपाल वाहून नेण्यात आले.

१९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरही १९७८ पर्यंत जेआरडी एअर इंडियाचे अध्यक्ष होते. विमानातील चहापासून आसनापर्यंत प्रत्येक उणिवेची ते लेखी नोंद करीत. लहानशा दुर्लक्षाची मोठी किंमत मोजावी लागणाऱ्या मैदानांवर घडलेल्या माणसाचीच ही सवय म्हणावी लागेल.

पहिल्या उड्डाणाच्या पन्नाशीला, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला आणि विमान जुहूला सुखरूप उतरवले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.