पीएचडी नाही, पण यंत्र आपलं!

शाहूपुरीत स्टँडसमोर नाकाला रुमाल लावता ना? धूर तुम्हाला दिसतो. हवेतला ओझोन मात्र यंत्रालाच कळतो. असं यंत्र भारतात घडवलं ॲना मणी यांच्या टीमनं, आपल्या पुण्यात.

जन्म १९१८चा, केरळातल्या पीरमेडचा. बेंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्याकडे हिरे-माणकांवर संशोधन करून पाच शोधनिबंध लिहिले. तरी एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएचडी नाकारली. मग लंडनला जाऊन त्या हवामानाची उपकरणं शिकल्या. १९४८ला पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. फुग्याला बांधून आकाशात सोडायचं ओझोनसाँडही बनवलं: ओझोन द्रावणात शिरला की वीज वाहते, त्यावरून त्याचं प्रमाण कळतं.

२००१मध्ये त्या गेल्या. नावाआधी ‘डॉ.’ लागलंच नाही. तुमची एखादी डिग्री हुकली, तर काम खरंच अडलंय का, तेवढं बघा.