न जुळणारा आकडा



मागे एकदा आमच्या घरी सायन्स फेअरची गडबड चालली होती. मुलीने दोऱ्याला जड मणी बांधून लंबक केला होता. वीस झोके मोजायचे आणि वेळ लिहायची. पण तिचे उत्तर पुस्तकातल्या सूत्राशी काही केल्या जुळेना. दर वेळी थोडे जास्तच येई. रात्रीचे साडेदहा वाजलेले. तिने विचारले, पुस्तकातलाच आकडा लिहू का? आणि आम्ही दोघे, चांगले शिकलेसवरलेले इंजिनिअर, चक्क हो म्हणालो! रात्रभर मनाला टोचणी लागून राहिली. म्हणून या अंकात एका मोठ्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगतो. त्यांनी एक न जुळणारा आकडा जवळजवळ तीन वर्षे सांभाळला, आणि पुढे एकदा घाई करून पस्तावले.

लायनस पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. लायनस नऊ वर्षांचा असताना वडील अचानक वारले. पदरी लायनस आणि दोन धाकट्या मुली. आईने घरात भाडेकरू ठेवून कसाबसा संसार चालवला.

लायनस तेरा वर्षांचा असताना एका मित्राने त्याला एक गंमत दाखवली. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतले आणि पांढरी साखर बघता बघता काळा कोळसा झाली. (मुलांनो, हे घरी करायचे नाही बरं का!) त्या दिवसापासून लायनसला रसायनशास्त्राचे वेड लागले. हायस्कूलमध्ये अमेरिकेच्या इतिहासाचा विषय पुरा झाला नाही म्हणून डिप्लोमा मिळाला नाही, तरी सोळाव्या वर्षी तो कॉर्व्हॅलिसच्या शेतकी कॉलेजात दाखल झाला. शाळेने तो राहिलेला डिप्लोमा १९६२ साली दिला. तोवर एक नोबेल पारितोषिक घरात आले होते!

१९१९ मध्ये घरात पैसे उरले नाहीत. कॉलेज थांबले. लायनस रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामावर तपासनीस म्हणून होता. तेव्हा कॉलेजनेच त्याला शिकवण्याची नोकरी देऊ केली. अठरा वर्षांचा हा मुलगा स्वतः नुकताच शिकलेला विषय इतरांना शिकवू लागला. पुढे अशाच एका वर्गात एव्हा हेलन मिलर ही विद्यार्थिनी भेटली. १९२३ मध्ये दोघांचे लग्न झाले.

१९२२ मध्ये पॉलिंग पॅसाडेनाच्या कॅलटेक संस्थेत आले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांतले अणू कसे रचलेले असतात हे ते तिथे शिकले आणि १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. नंतर युरोपात जाऊन त्यांनी नवे क्वांटम भौतिकशास्त्र आत्मसात केले.

आता थोडे रसायनशास्त्र. दोन मुली हात धरून फुगडी घालतात, तसे दोन अणू एकमेकांचे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडले जातात. हा रासायनिक बंध. कार्बनला असे चार हात असतात. पण त्यात एक कोडे होते. कार्बनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या जागा दोन निरनिराळ्या प्रकारच्या असतात. मग त्याचे चारही बंध अगदी सारखे कसे? पॉलिंग यांनी १९३१ मध्ये उत्तर दिले, की बंध होताना या जागा एकमेकींत मिसळतात. दोन पिठे एकत्र मळून चार सारखे गोळे करावेत, तसे. यावरचे त्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते वाचले.

मग ते वळले प्रथिनांकडे. आपले केस, नखे, स्नायू, अंड्यातला पांढरा भाग, हे सारे प्रथिनांचे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली लांब माळ. ही माळ विशिष्ट घडी घालून बसते आणि हायड्रोजन बंध नावाचे नाजूक टाके ती घडी धरून ठेवायला मदत करतात. अंडे उकडले की उष्णतेने हे टाके उसवतात, घडी मोडते आणि पातळ पांढरा भाग घट्ट होतो. हा विचार पॉलिंग आणि मर्स्की यांनी १९३६ मध्ये मांडला. पण मुळात घडी दिसते कशी?

१९४८ मध्ये पॉलिंग ऑक्सफर्डला होते. सर्दीने अंथरुणाला खिळले. गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी एक कागद घेतला. त्यावर प्रथिनाची माळ काढली आणि कागद मुडपायला सुरुवात केली. मण्यांना जोडणारा बंध सपाट असतो, तो पिळता येत नाही, हे त्यांना बंधांच्या अभ्यासातून पक्के ठाऊक होते. म्हणून कागद ठरावीक जागीच मुडपायचा. थोड्या वेळाने माळेचे मळसूत्र झाले, स्क्रूच्या आट्यांसारखे, आणि हायड्रोजन बंधांचे टाकेही बरोबर जागी आले!

पण एक आकडा जुळेना. त्यांच्या मळसूत्राचा एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉम उंचीचा होता. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) केसांच्या क्ष-किरण चित्रांत मात्र ५.१ दिसत होते. एवढासा फरक! दुसऱ्या कोणी बंध थोडा वाकवून आकडा जुळवला असता. पॉलिंग यांनी तसे केले नाही. कागद ठेवून दिला आणि सहकाऱ्यांबरोबर मोजमापे सुरू ठेवली. पुढे कृत्रिम धाग्यांच्या चित्रांत त्यांच्या आकड्याला आधार मिळाला. तेव्हा कुठे १९५१ मध्ये कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह त्यांनी हे अल्फा मळसूत्र जगापुढे ठेवले. केंब्रिजच्या माक्स पेरुट्झ यांनी लगेच नवी क्ष-किरण चित्रे घेऊन ते खरे ठरवले. मग ५.१ कुठून आले? केसांत ही मळसूत्रे दोराच्या पेडांसारखी एकमेकांभोवती पिळलेली, म्हणून किंचित तिरकी असतात. न जुळणाऱ्या आकड्यात आणखी एक शोध दडला होता!

आणि हेच पॉलिंग पुढे घसरले. १९५२ च्या अखेरीस त्यांनी डीएनएची रचना घाईने मांडली. तीन पेड, आणि फॉस्फेट मधोमध. त्या रचनेत डीएनए आम्लच राहत नव्हते. रसायनाच्या विद्यार्थ्याला कळावी अशी चूक या जगप्रसिद्ध गुरूने केली. त्या वर्षी अमेरिकन सरकारने त्यांच्या राजकीय मतांमुळे आधी त्यांना पासपोर्ट नाकारला होता. पण उन्हाळ्यात तो मिळाला, ते इंग्लंडला जाऊन आले, आणि डीएनएची उत्तम चित्रे लंडनमध्ये असूनही ती पाहायला गेले नाहीत. तेव्हा सगळा दोष सरकारवर ढकलता येत नाही. एप्रिल १९५३ मध्ये केंब्रिजला वॉटसन आणि क्रिक यांची दोन पेडांची प्रतिकृती पाहून त्यांनी ती मोकळेपणाने मान्य केली.

१९५४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अणुबाँबच्या चाचण्यांविरुद्ध त्यांनी आणि एव्हा हेलन यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला दिल्या. त्यासाठी १९६२ सालचे शांततेचे नोबेलही मिळाले. दोन नोबेल, आणि दोन्ही कोणाबरोबर न वाटता, हा मान आजवर फक्त त्यांचा आहे. उतारवयात मात्र भरपूर क जीवनसत्त्वाने सर्दीच काय, कर्करोगही आटोक्यात येतो असे ते सांगत राहिले. मोठ्या चाचण्यांचे आकडे जुळले नाहीत, पण या वेळी त्यांनी आकड्यांचे ऐकले नाही. १९ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले.

मुलांनो, बुद्धी तीच, माणूस तोच. न जुळणाऱ्या आकड्यापाशी थांबले तेव्हा शोध लागला. थांबले नाहीत तेव्हा हसे झाले.

हो, लंबकाचे राहिलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलीपुढे आमची चूक कबूल केली आणि तिघे पुन्हा मोजायला बसलो. चूक तिनेच शोधली. दोऱ्याची लांबी आम्ही गाठीपर्यंत मोजली होती, ती मण्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी! तक्त्यावर तिने आदल्या रात्रीचे आकडेही तसेच ठेवले, आणि शेजारी कारण लिहिले.