धानकापणीनंतरच उत्खनन का? सांकलियांनी रुजवलेली शिस्त काय सांगते

धानाची कापणी उरकली की गोंदिया-भंडाऱ्यात शेतं मोकळी होतात. उत्खननाचा हंगामही याच सुमारास सुरू होतो. महाराष्ट्रात हे काम शास्त्रशुद्ध करणारे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या आयुष्यातून ही पद्धत समजून घेऊ.

कोण होते सांकलिया?
जन्म १० डिसेंबर १९०८, मुंबई. घर गुजराती. एम.ए.चा प्रबंध नालंदा विद्यापीठावर, तर लंडनमधली पीएच.डी. गुजरातच्या पुरातत्त्वावर. इंग्लंडमध्ये त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल उत्खननात प्रत्यक्ष काम केलं. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि पुढची कारकीर्द तिथेच घडली.

पावसाळ्यानंतरच का?
पावसात चरात पाणी साचतं, कडा ढासळतात, थर एकमेकांत मिसळतात. सर्वसाधारणपणे वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. थर मिसळले की खापराचा काळ ठरवणं अवघड होतं. शिवाय एकदा खणलेला थर परत रचता येत नाही. म्हणून मोजमाप, नकाशा आणि नोंद आधी, कुदळ नंतर. हंगाम दोन इंग्रजी वर्षांत विभागला जातो, त्यामुळे अहवालात १९५०-५१ असं जोडवर्ष दिसतं.

नेवाशात काय सापडलं?
ज्ञानेश्वरांमुळे ओळखल्या जाणाऱ्या नेवाशात १९५४-५६ मध्ये सांकलियांच्या पथकाने प्रवरेकाठी उत्खनन केलं. ऐतिहासिक काळाच्या खाली तांबं आणि दगडी हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. मुलांची दफनं मातीच्या भांड्यांत होती. एका मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत धाग्याचे अवशेष टिकले होते. नदीच्या गाळात त्याहून कितीतरी जुनी, अश्मयुगीन हत्यारं मिळाली. जिथे राजवंशांपासून इतिहास सुरू व्हायचा, तिथे आता साध्या शेतकऱ्याचं घरही आलं.

आपल्या भागाशी संबंध काय?
नेवाशाच्या अहवालात सांकलियांचे सहलेखक होते डॉ. शांताराम भालचंद्र देव. ते पुढे नागपूर विद्यापीठात आले. १९६९-७० मध्ये त्यांनी जगत्पती जोशी यांच्यासह वैनगंगेकाठच्या पवनीत उत्खनन केलं आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ मध्ये.

आज हे का महत्त्वाचं?
सांकलियांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचं निधन झालं. पण ज्या टेकाडांवर त्यांनी काम केलं, तशी पांढरीची टेकाडं खतासाठी, भरावासाठी किंवा शेत सपाट करण्यासाठी आजही खणली जातात. ट्रॅक्टरने एका दुपारी नेलेल्या मातीत शेकडो वर्षांचे थर असू शकतात. शेतात जुनी खापरं, मणी, विटा किंवा नाणी दिसली, तर वस्तू जागेवरच ठेवा, फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू कुठे आणि कोणत्या थरात होती, हे कळलं नाही तर तिचा अर्धा इतिहास तिथेच संपतो.