कुर्ल्याची पद्मिनी आणि सोलापूरचे वालचंद

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क नेहमीच कटायचे. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं रूममेटने सुचवलं तेव्हा व्हायव्हापेक्षा जास्त धडकी भरली. पण विषय घरातच उभा होता, अकोल्याला आमच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये.

तो विषय म्हणजे आबांची प्रीमियर पद्मिनी. आबा तिला कधीच पद्मिनी म्हणाले नाहीत, त्यांच्यासाठी ती फियाटच. अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला निघालो की डिक्कीत पाण्याची कॅन आणि एक जुनं फडकं असायचंच. आपल्या वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या काळच्या कार्बुरेटरवाल्या गाड्यांच्या पंपात अशा उन्हात पेट्रोलची वाफ व्हायची. पंप पातळ पेट्रोल ढकलायला बनवलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही, आणि इंजिन बंद! म्हणून आबा मूर्तिजापूरच्या पुढे एखाद्या कडुनिंबाखाली थांबायचे, बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे, चहा प्यायचे आणि मगच निघायचे. पुढे कॉलेजात व्हेपर लॉक शिकवलं तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटीच हसत होते.

मागच्या दिवाळीत बाबांनी गाडी भंगारात द्यायचं काढलं. आबा काहीच बोलले नाहीत, नुसते शेडमध्ये जाऊन बसले. मला राहवलं नाही. निदान ही गाडी बनवली कोणी ते तरी बघावं म्हणून लायब्ररी गाठली. वाटलं होतं, इटलीतलं कुठलंतरी नाव निघेल. निघालं ते सोलापूरचं. वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिकायला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, पण बी. ए. पूर्ण झालंच नाही. (एटीकेटीवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, पुढचं वाचावं.)

घरच्या पेढीत त्यांचा जीव रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांना काम कळत होतं, वालचंदांकडे भांडवल होतं. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. ही रेल्वे अडीच फुटी रुळांची, म्हणजे आता बंद पडलेल्या आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेच्याच रुंदीची. पुढे बोरघाटातले बोगदे आणि तानसाहून मुंबईला पाणी आणणारी पाइपलाइन, इथपर्यंत कामं वाढत गेली.

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजींच्या बरोबरीने ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून लॉयल्टी नावाची आगबोट विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. तेव्हा समुद्रावर इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला. वालचंद हटले नाहीत.

गंमत बघा, त्यांना जहाजाचंही शिक्षण नव्हतं आणि विमानाचंही. १९३९ मध्ये प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन माणसाची ओळख झाली आणि त्यातून विमान कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने साथ दिली. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. पण युद्ध पेटलं होतं. १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. आपण प्लेसमेंटच्या यादीत ज्या एचएएलचं नाव शोधतो, तिची सुरुवात ही अशी. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचा पाया १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते घातला गेला. तिथे बांधलेलं जलउषा जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. १९५२ मध्ये हाही कारखाना मुख्यतः सरकारकडे गेला.

राहिली मोटार. त्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण युद्धाच्या काळात इंग्रज सरकार या कारखान्याला महत्त्वाचा उद्योग मानायलाच तयार नव्हतं. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बाहेरून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू इथेच बनवायचे, असा मार्ग होता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी संबंध जुळला.

इथे मला वाचताना थांबावं लागलं. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. ज्या गाडीमुळे मी त्यांच्यापर्यंत पोचले, ती त्यांनी पाहिलीच नाही! फियाट ११०० डिलाइट कुर्ल्यात आली १९६४ मध्ये. सत्तरच्या दशकात तिचं आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, मागच्या चाकांना पॉवर, स्टिअरिंगजवळ गिअर. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच.

पण खरं तेही लिहायला पाहिजे. १९६४ पासून २००० च्या सुमाराला उत्पादन थांबेपर्यंत गाडी मुळात तीच राहिली. परमिट-लायसन्सचा काळ, स्पर्धा नाही, गिऱ्हाईक रांगेत उभंच, मग बदलणार कशाला? १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांग तिकडे वळली. ज्या माणसाने दर वेळी माहीत नसलेल्या कामात हात घातला, त्याच्याच कारखान्यात पुढे नवीन शिकणं मंदावलं. मला तरी पद्मिनी मागे पडण्याचं कारण हेच वाटतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आपल्यासारख्यांसाठी आणखी एक गोष्ट. सांगलीला १९४७ मध्ये सुरू झालेल्या इंजिनीअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये वालचंदांचं नाव मिळालं. पदवी अर्धवट राहिलेल्या माणसाच्या नावाच्या कॉलेजातून आज हजारो इंजिनीअर पदवी घेऊन बाहेर पडलेत. आपण मात्र मेकॅनिकल घेतो आणि सहाव्या सेमपासून सॉफ्टवेअरच्या नोकरीची तयारी करतो. मीही करतेच आहे, दुसऱ्याला काय नावं ठेवू? पण चार वर्षं मशीन शिकून एकही मशीन स्वतःच्या हाताने खोललं नाही, हे मला आता टोचतं.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत थांबायला ते तयार झालेत, त्यापुढचं कबूल केलेलं नाही. परीक्षा संपली की मी अकोल्याला जाणार, आबांना शेडमध्ये खुर्ची टाकून देणार आणि त्यांच्या देखरेखीखाली कार्बुरेटर उतरवणार. गाडी चालू होईल की नाही, माहीत नाही. फडकं मात्र आबांनी आतापासूनच धुऊन ठेवलंय.